नाही म्हणायची सोय

आमच्या काकूला नाही म्हणता येत नाही, हे घरात कौतुकाने सांगितलं जायचं. पाहुण्यांसमोर, तिच्यासमोर, ती वाढत असताना. ती हसायची आणि सांगणाऱ्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकायची.

सिंदी रेल्वे या गावाच्या बाजारात आमचं सरकी-ढेपेचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे घर. बाबा आणि काका मिळून दुकान बघत. काकू हिंगणीची, बोर धरणाजवळच्या शेतकरी घरातली. तिला मूल झालं नाही. त्यावरून तिला कोणी टोचून बोललेलं मला आठवत नाही. पण तिच्याकडे वेळच वेळ आहे आणि तो सगळ्यांचा आहे, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. सावंगीला मोठा दवाखाना झाल्यापासून तर फारच. आर्वीचा असो, हिंगणघाटचा असो, नात्यातला कोणीही ऑपरेशनसाठी तिथे भरती झाला की त्याच्यापाशी राहायला काकू जायची. चटई, थर्मास, डबा आणि दोन लुगडी. बाकीच्यांना मुलांच्या परीक्षा असत, दुकानं असत, शेतीची कामं असत. काकूचं काय, ती मोकळी, असं म्हणत. भरती झालेला प्रत्येक जण बरा होऊन घरी गेला की तिची फार स्तुती करायचा, आणि पुढचा फोन आला की तिची पिशवी पुन्हा भरली जायची.

दोन हजार साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. मी बारावी होऊन घरी बसले होते. मेडिकलला नंबर लागला नव्हता, म्हणून वर्षभर अभ्यास करून पुन्हा परीक्षा द्यायची होती. बाबांनी दुकानाच्या बिलांसाठी नागपूरहून कॉम्प्युटर आणला होता, पण काकांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. ते हातानेच बिलं फाडत. कॉम्प्युटर मधल्या खोलीत, आईने शिवलेल्या कव्हराखाली झाकलेला असे. दिवाळीत माझा आतेभाऊ आला. तो नागपूरला इंजिनिअरिंग करत होता. त्याने त्यात एक गेम टाकून दिला आणि कसा खेळायचा ते एका दुपारी दाखवून तो निघून गेला.

गेम एका काल्पनिक राज्याचा होता. आपण एक योद्धा व्हायचं आणि गावोगाव हिंडायचं. लढाया होत्या, राक्षस होते, पण त्याहून जास्त बोलणं होतं. वाटेत कोणीही भेटला की तो आपली अडचण सांगायचा आणि खाली आपल्या उत्तराचे तीन पर्याय यायचे. एक, दोन, तीन. आपण आकडा दाबायचा. जसं उत्तर देऊ तसे आपण चांगले किंवा वाईट होत जायचो आणि कोपऱ्यातल्या आपल्या चेहऱ्यावर ते दिसायचं. मी मराठी शाळेत शिकलेली. ती लांबलचक इंग्रजी वाक्यं मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची, आणि अभ्यास चालला आहे असं आईला वाटायचं.

दुपारी दुकान सामसूम असे आणि लाइट राहिली तर मी खेळायला बसे. काकू गहू निवडायला म्हणून त्याच खोलीत येऊन बसायची. पहिले काही दिवस ती नुसती बघत होती. मग एकदा पडद्यावर एक बाई रडत उभी राहिली तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं.

"काय म्हणते वं ते?"

मी सांगितलं, तिचा बैल जंगलात गेला आहे आणि तिकडे लांडगे आहेत.

"मंग? आणून दे ना तिले."

मी एक दाबलं. त्या दिवसापासून खेळ आमच्या दोघींचा झाला. लढाया मी लढायची, बोलणं काकूचं. मी समोरच्याचं म्हणणं आमच्या बोलीत सांगायची, तिन्ही उत्तरं सांगायची, ती एक निवडायची. निवडायची म्हणजे काय, प्रत्येक वेळी पहिलंच. कोणाचं औषध आण, कोणाच्या बापाला निरोप दे, कोणाच्या विहिरीतला राक्षस मार. बक्षीस द्यायला लागले तर काकू ते घेऊ द्यायची नाही. मला एका भारी तलवारीसाठी पैसे हवे होते, त्यावरून आमची थोडी कुरबुरही झाली. पण ती त्या लोकांना लक्षात ठेवायची. स्वयंपाकघरात मध्येच विचारायची की त्या लोहाराच्या बायकोला आता बरं आहे का, एकदा जाऊन पाहू. मी म्हणायची, काकू, ती आता काही बोलणार नाही, तिचं काम संपलं. हे तिला पटायचं नाही.

आमच्या योद्धाबाईचा चेहरा हळूहळू उजळत गेला. कातडीवर निळसर तेज आलं. मी खुश झाले. काकूने चष्मा लावून जवळून पाहिलं.

"एवढी गोरी काऊन करून राह्यले तिले?" ती म्हणाली. "उन्हात तर हिंडून राह्यली ते."

वाटेत आम्हाला एक सोबतीण मिळाली होती. जखमा बऱ्या करणारी एक पोरगी, वैदू म्हणा. आमच्या चांगुलपणावर खुश होऊन ती आपणहून आमच्याबरोबर चालायला लागली होती. काकूचा तिच्यावर जीव जडला. लढाईत तिला लागलं की काकू मला रागवायची.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला काकांच्या एका चुलतभावाच्या मांडीचं हाड मोडलं आणि काकू सावंगीला गेली. बरेच दिवस राहिली. परत आली त्या दुपारी तिने आंघोळ केली, थोडं जेवली आणि झोपायचं सोडून माझ्याजवळ येऊन बसली. खेळात आम्ही एका नव्या गावात पोचलो होतो. गिरणीजवळ एक म्हातारा उभा होता. त्याची पोती टेकडीवरच्या मंदिरात नेऊन द्यायची होती. आदल्या गावात अशाच एकाची पोती आम्ही नेली होती, आणि त्याच्या आधीच्या गावात एकीची लाकडं.

"त्याले नाई म्हण," काकू म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा सांगितलं. मी तिला तिन्ही उत्तरं वाचून दाखवली. एक, हो आजोबा, आत्ता नेते. दोन, आधी सांग किती देशील. तीन, वाटेतून बाजूला हो थेरड्या, नाहीतर तुझी पोती तुझ्यासकट नाल्यात फेकीन.

"तसं नाई. मले जमत नाई, असं म्हण. चांगल्यानं."

मी सांगितलं, तसं उत्तर यात नाही. तिने मला पुन्हा नीट वाचायला लावलं. तिला वाटत होतं की इंग्रजीत ते कुठेतरी लिहिलेलं असणार आणि मला कळत नसणार. मी खाली-वर करून दाखवलं. तीनच होते.

"मंग तीन दाब."

मी तीन दाबलं. म्हातारा घाबरून मागे सरला. आमच्या योद्धाबाईचं तेज किंचित उतरलं. काकूने सूप पुन्हा हातात घेतलं नाही.

त्यानंतर आम्ही बरेच दिवस तीन दाबत गेलो. मला आधी वाईट वाटलं, कारण इतक्या कष्टाने कमावलेला चेहरा राखेसारखा होत चालला होता. मग मजा वाटायला लागली. लोक आम्हाला पाहून दारं लावून घ्यायचे. काकू टेकून बसायची आणि म्हणायची, बरं झालं, कोणी हाक मारत नाही. एका गावातून तर आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, कोणीही काही मागितलं नाही. ते गाव तिला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा तिथूनच चालायला लावलं.

पण ती वाईट वागत नव्हती, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. एका सरदाराने आम्हाला धान्याचं कोठार जाळायला सांगितलं, मोठं बक्षीस होतं. आता आपण वाईटच आहोत तर जाळू, असं मी म्हटलं. काकूने माझा हात धरला.

"नाई म्हणणं वेगळं अन् कोणाचं धान्य जाळणं वेगळं. येवढं नाई समजत तुले?"

मला समजत होतं. खेळाला समजत नव्हतं. पोती न उचलणं आणि कोठार जाळणं यात त्याच्या लेखी फक्त कमी-जास्तीचा फरक होता. दोन्ही एकाच बाजूला पडत. चेहरा काळवंडतच गेला, आणि एका दुपारी नदीच्या पुलावर ती वैदू पोरगी थांबली. तिने बरंच काही म्हटलं. त्याचा अर्थ असा होता की मी एका चांगल्या माणसाबरोबर निघाले होते, तू ती राहिली नाहीस, मी जाते.

मी काकूला सांगितलं, ती म्हणते घरी जाऊन येते.

काकूने माझ्याकडे पाहिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण दवाखान्यातल्या बायकांचे चेहरे वाचण्यात तिची वर्षं गेली होती. डॉक्टर काय म्हणाले ते नातेवाइकांनी रोग्याला कसं बदलून सांगायचं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"खरं सांग."

मी खरं सांगितलं. तिने लगेच विचारलं नाही की उत्तरं कोणती आहेत. ती म्हणाली, "तिले सांग, मी वाईट नाई झाली. दमली."

उत्तरं तीन होती. माफी मागून यापुढे सगळ्यांना मदत करायचं वचन द्यायचं, तिला जाऊ द्यायचं, किंवा तिला मारायचं. काकूने वचन दिलं नाही. पोरगी पुलावरून गेली. मग लाइट गेली आणि आम्ही उठलो.

पुढे जे झालं त्याचा या खेळाशी किती संबंध होता, हे मी आजही सांगू शकत नाही. आईला वाटलं, पूर्ण होता. माझ्या मोठ्या मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. मावशी पुलगावची, तिचा मुलगा पुण्याला. जेवताना आईने तारीख सांगितली आणि त्याच दमात म्हणाली की काकूला आदल्या दिवशी निघावं लागेल. विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

"मले या वेळी नाई जमत, बाई," काकू म्हणाली.

आईला वाटलं, तिला बरं नाही. तिने तसं विचारलं. काकूने सांगितलं की तब्येत बरी आहे. मग हिंगणीला काही आहे का? तिकडेही काही नव्हतं. काकूने कारण दिलं नाही. मला वाटतं, एखादं खोटं कारण दिलं असतं तर सगळं निभावलं असतं, आणि ते तिलाही माहीत होतं. काका खाली मान घालून म्हणाले, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, जाऊन ये. ती म्हणाली, तुम्ही जा मंग. आवाज चढवून नाही, भात वाढू का विचारावं तसं. बाबांनी पाणी मागितलं.

आई स्वयंपाकघरात रडली. मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती माझ्यावरच उखडली.

"सगळ्याइसाठी गेली ते. काकाच्या भावासाठी गेली, तुझ्या आत्यासाठी गेली. माझ्या बहिणीच्याच वक्ती नाई जमत? तू काय शिकवून राह्यली तिले त्या कॉम्प्युटरमध्ये?"

आईचं दुःख खोटं नव्हतं. घरात काकूला सगळ्यात कमी राबवलं असेल तर आईनेच. सणाला दोघींना सारखी साडी यावी म्हणून ती बाबांशी भांडायची. मलाही त्या दिवशी काकूचा राग आला होता. नाही म्हणायचंच होतं तर त्या चुलतभावाला म्हणायचं, ज्याने महिनाभर पाय चेपून घेतले होते.

शेवटी मावशीपाशी मी राहिले. दिवसा आई येऊन-जाऊन असे. दवाखाना मी बाहेरून अनेकदा पाहिला होता, आतून पहिल्यांदाच पाहत होते. दोन खाटांमधल्या जागेत चटई टाकायची. सलाइन संपत आलं की सिस्टरला सांगायचं. चिठ्ठी घेऊन औषधाच्या खिडकीशी रांगेत उभं राहायचं, आणि नंबर लागेपर्यंत वर काही झालं तर नसेल ना, हा घोर. मावशीला उठवून बसवायचं, तिला न दुखवता. ते मला जमत नव्हतं. ती कण्हत म्हणायची, तुझ्या काकूचा हात किती हलका आहे. काकूने तिच्यापाशी राहायला नाही म्हटलंय हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. तिथे सगळे काकूला ओळखत. वॉर्डात झाडलोट करणाऱ्या बाईंनी, खालच्या चहावाल्याने, एका वयस्क सिस्टरने, सगळ्यांनी मला विचारलं की या वेळी सिंदीच्या बाई नाही आल्या का. चहावाल्याने मला न विचारता साखर कमी घातली, कारण बाई तसाच नेतात म्हणे. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला, कुठली कोण, काकूने मागच्या खेपेला वेणी घालून दिली होती. ती पुन्हा भरती झाली होती आणि काकूची वाट पाहत होती. घरात काकू फक्त उपयोगाची होती. तिथे ती कोणीतरी होती. हे पाहून माझा गोंधळ वाढला. तिला तिथे जायला आवडत होतं की नव्हतं? पुष्कळ दिवसांनी मला वाटायला लागलं की दोन्ही असणार. आवडत्या कामानेही माणूस थकतोच. त्यातही ते न विचारता अंगावर टाकलेलं असलं तर जास्तच.

आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा काकू हिंगणीला निघून गेली. काका तिला बसमध्ये बसवून आले. घरात त्याचीही चर्चा झालीच. सणवार नसताना, कोणी आजारी नसताना, सून माहेरी कशाला जाते? मी घरी आल्यावर काही दिवसांनी तीही आली. चेहरा उन्हाने रापला होता. मी विचारलं, काय केलं तिकडे?

"काई नाई. दोन दिवस धरणाच्या पाण्याकडे पाहत बसली. तिसऱ्या दिवशी वहिनीचं अंगण सारवलं." ती हसली. "बसवतच नाई मले."

मग तिने मावशीबद्दल विचारलं, बारकाईने, टाके कधी काढले, खायला काय देतात. म्हातारीचं सांगितलं तर तिची वेणी आता कोण घालतं, ते विचारलं. आईविषयी मी काही विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "तुझ्या आईले म्हणायले नको होतं, मले समजते. पण कोणाले तरी म्हणाच लागलं असतं. अन् जो पहिला समोर येईन त्याले लागते."

ते बरोबर आहे की चूक, हे मी आजही ठरवू शकलेले नाही.

खेळ आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. काकूचीच इच्छा होती. नवी योद्धाबाई केली आणि या वेळी ती प्रत्येकाशी वेगळं वागली. पोती नेली, लाकडं नेली नाहीत. बैल आणला आणि बक्षीसही घेतलं. चेहरा ना उजळला ना काळवंडला, जसा सुरुवातीला होता तसाच राहिला. मला ते फार कंटाळवाणं वाटलं. लोक आम्हाला पाहून ना आनंदायचे ना पळायचे. वैदू पोरगी मात्र भेटली आणि टिकली. शेवटपर्यंत आम्ही पोचलोच नाही. पावसाळ्यात माझा निकाल लागला, या वेळीही मेडिकलचं जमलं नाही, मी वर्ध्याला फार्मसीला गेले. माझ्या मागे काकांनीच अखेर एका माणसाकडून बिलांचा प्रोग्राम बसवून घेतला आणि त्याने आधीचं सगळं पुसून टाकलं. काकूने मला फोनवर ते असं सांगितलं जसं कोणी गाव सोडून गेल्याचं सांगतात.

आई आणि काकूचं बोलणं बंद झालं नाही, पण वर्षभर ते कामापुरतंच होतं. मीठ, दूध, गॅस. साड्या पुढच्या दिवाळीतही सारख्याच आल्या. पुढच्या फोनला मात्र आईने स्वतःच पाळी लावली: दोन दिवस काकू, दोन दिवस ज्यांचा रोगी ते, एक दिवस काका. काका पहिल्यांदा दवाखान्यात राहून आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. ते पुष्कळ वेळ ओसरीवर नुसते बसून राहिले, आणि काकूने त्यांना चहा नेऊन दिला.

कौतुक थांबलं. पाहुण्यांसमोर काकूबद्दलचं ते वाक्य परत कोणी म्हटलं नाही. तिच्या हातचं खाऊन, तिच्याकडून सेवा करून घेऊन गेलेल्या काही माणसांनी ती बदलली असं चारचौघांत सांगितलं. माझ्या एका लांबच्या चुलतबहिणीच्या लग्नात, सेलूला, मी तिच्या बाजूला पंगतीत बसले होते. समोरून एक दूरची आत्या आली. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते, नाव सावंगीला घातलं होतं. काकूच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, तू येशील ना? मग मला उद्देशून, हसत, पण काकूला ऐकू जाईल असं म्हणाली, "आता हिचा भरवसा नाई बाप्पा, पहिल्यासारखी नाई राह्यली."

काकूने तोंडातला घास संपवला. तिला लागलं होतं, ते मला तिच्या हातावरून कळलं, कारण तिने वरण-भात पुन्हा पुन्हा कालवला.

"पाहतो," ती म्हणाली.

आत्या पुढच्या पानाकडे गेली. काकूने माझ्या ताटातला बुंदीचा लाडू उचलला, मला नको होता तो, आणि स्वतःच खाल्ला.